निकाहाआधीचा न शिकवलेला धडा

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. माझ्या वर्गातील मुलींकडे मासिक पाळीसाठी किमान चार शब्द आहेत. दीनी किताबांत त्या ‘हैज’ वाचतात, उर्दूत बोलताना ‘माहवारी’ म्हणतात, मराठीच्या तासाला ‘मासिक पाळी’ लिहितात आणि मधल्या सुट्टीत एकमेकींना ‘डेट आली’ असे सांगतात. गर्भ राहू नये म्हणून काय करतात, यासाठी त्यांच्याकडे शब्द शोधला तर ‘फॅमिली प्लॅनिंग’ मिळतो. उर्दू वर्तमानपत्रात ‘खानदानी मन्सूबाबंदी’, सरकारी भिंतीवर ‘कुटुंब नियोजन’. तिन्हींत आधी कुटुंब आहे. दोन-तीन मुले झालेल्या बाईने आता पुरे म्हणून करायची गोष्ट, असाच त्याचा अर्थ मुली घेतात. एकोणीस वर्षांची, लग्नाला दोन महिने झालेली मुलगी त्या शब्दात स्वतःला पाहत नाही. ‘माने-हमल’ हा अचूक उर्दू शब्द आहे, पण तो मी कोणाच्याही घरात कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

शब्दच नसेल तर प्रश्न कसा विचारणार?

आपला समाज या बाबतीत लाजाळू आहे, असे सगळेच म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलीच्या जहेजमध्ये दिले गेले. त्यात हैज, निफास, गुस्ल यांचे मसाइल इतके स्पष्ट लिहिले आहेत की शाळेचे पुस्तक त्यापुढे बुजरे वाटेल. कोणता स्राव हैजचा, कोणता बीमारीचा, नमाज केव्हा माफ, गुस्ल केव्हा फर्ज, हे आपल्या मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी शिकवले जाते. मुलग्यांना एहतलामचे मसाइल मकतबमध्ये कळतात. अन्सारी स्त्रियांना दीन समजून घेताना लाज आड आली नाही, याबद्दल हजरत आयशा यांनी त्यांची तारीफ केल्याची रिवायत आहे. म्हणजे शरीराबद्दल बोलण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ती पाकी-नापाकीपर्यंत येते आणि निकाहाच्या उंबऱ्यावर थांबते. पुढचे नवीन जोडप्याने आपोआप समजून घ्यावे, अशी अपेक्षा.

शाळाही त्याच उंबऱ्यावर थांबते. २००७ साली केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावर गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो शाळांत शिकवायला बंदी केली. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, आकृत्या आहेत, त्या परीक्षेला येतात. गर्भनिरोधनाची साधने नीट शिकायची तर बारावीचे जीवशास्त्र घ्यावे लागते. आमच्या बहुतेक मुली कला शाखेला जातात, त्यानंतर डीएड किंवा थेट सासरी. अधूनमधून एखादी कंपनी पाळीच्या स्वच्छतेवर भाषण ठेवते. त्या तासाला मुलग्यांना मैदानावर पाठवतात. त्यांना काय कळायला हवे, हे कोणीच ठरवलेले नाही. त्यांचे शिक्षण मोबाइल करतो, आणि मोबाइल जे दाखवतो त्यात ना जबाबदारी असते ना समोरच्या बाईची मर्जी.

याची किंमत कोण देते, ते मी पाहते. माझी एक माजी विद्यार्थिनी, बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना निकाह झाला. चार महिन्यांनी तिचा फोन आला. “टीचर, एक बात पूछनी थी, किसी को बोलना नै.” सासरच्यांना ‘खुशखबर’ हवी होती. तिला आणि तिच्या नवऱ्याला पदवी पूर्ण होईपर्यंत थांबायचे होते. तिचे दोन प्रश्न होते. पहिला, गोळी घेणे गुनाह आहे का? दुसरा, पहिल्या मुलाआधी गोळी घेतली तर मूल कधीच होत नाही, असे नणंद म्हणते, ते खरे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. नाही, खरे नाही. गोळ्या बंद केल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते. पण तिच्यासाठी पहिला प्रश्न मोठा होता, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांसाठी तो मोठा असेल. म्हणून त्यावर थोडे सविस्तर.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत जाबिर यांची रिवायत आहे. कुरआन उतरत होते त्या काळात सहाबा अज्ल करत होते, म्हणजे वीर्य बाहेर सोडत होते, आणि त्यांना रोखले गेले नाही, असा तिचा आशय आहे. अज्लबद्दल नापसंती दाखवणारी रिवायतही आहे, त्यामुळे उलेमांत मतभेद राहिले. तरी बहुसंख्य फुकहांनी अज्ल जायज मानले आणि त्याला एक अट घातली. पत्नीची संमती हवी. ही अट मला फार मोलाची वाटते. मूल हवे की नको, यात बाईच्या मर्जीला शेकडो वर्षांपूर्वीच्या फिकहमध्ये जागा होती. इमाम गजालींनी ‘इह्या’मध्ये अज्लची कारणे मोजताना बाळंतपणाच्या धोक्यापासून पत्नीचा जीव आणि तिची तब्येत जपणे हे कारण मान्य केले आहे आणि फार मुलांमुळे येणारी ओढाताण टाळणे हेही. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथात गर्भ टाळण्याचे उपाय दिलेले आहेत. विसाव्या शतकात अल-अजहरचे शेख महमूद शलतूत यांनी १९५९ मध्ये पती-पत्नीने गरजेपोटी तात्पुरती साधने वापरण्यास मुभा देणारा फतवा दिला. मौलाना मौदूदींनी विरोधात पुस्तक लिहिले, हेही सांगायला हवे. गरिबीच्या भीतीने औलादीला मारू नका, ही कुरआनची ताकीद विरोधक पुढे करतात. ती जन्मलेल्या मुलांच्या हत्येबद्दल आहे, आणि अज्लला परवानगी देणाऱ्या फुकहांनीही ती आयत वाचलेलीच होती. कायमची नसबंदी मात्र बहुतेक उलेमा मजबुरीशिवाय नाजायज मानतात. तात्पुरत्या साधनांचा मामला वेगळा आहे.

मी मुफ्ती नाही. तिला मी एवढेच सांगितले की तुझ्या नवऱ्याला इमामसाहेबांकडे पाठव आणि तू लेडी डॉक्टरकडे जा. दोघेही गेले. इमामसाहेबांनी नवऱ्याला विचारले, “बीवी राजी है?” तो म्हणाला, तिचीच इच्छा आहे. “तो फिर मुझसे क्यूँ पूछते हो, डॉक्टर से पूछो.” ती मुलगी पदवीधर झाली.

त्याच वर्षी मोहल्ल्यातील दुसऱ्या एका घरात वेगळे घडले. पहिले मूल सात महिन्यांचे, आई त्याला दूध पाजत होती. ‘दूध पिलाते तक कुछ नै होता’ असे सगळ्या थोरल्यांनी सांगितलेले. पाळी परत येण्याआधीच दिवस राहिले. घरच्यांनी मेडिकलमधून कोणालाही न विचारता गर्भपाताच्या गोळ्या आणल्या. चार दिवस रक्तस्राव थांबला नाही. शेवटी सरकारी दवाखान्यात नेले, दोन बाटल्या रक्त चढवले. जीव वाचला. शेजारच्या बायकांत हे ‘खून की कमी हो गई थी’ एवढेच सांगितले गेले.

दूध पाजण्याबद्दलची ती समजूत पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती घात करते. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान आहे, दिवसरात्र फक्त अंगावरचेच दूध पिते आणि आईची पाळी सुरू झालेली नाही, या तीनही गोष्टी एकाच वेळी असतील तर गर्भ राहण्याची शक्यता फार कमी असते. त्यातली एकही सुटली की भरवसा संपतो. कुरआनमध्ये दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. ती पाळायची तर दोन मुलांत अंतर हवे आणि अंतरासाठी साधन हवे. बाळाला दोन वर्षे दुधाचा हक्क द्यायचा आणि आईला दुसऱ्याच वर्षी पुन्हा बाळंतपणाला बसवायचे, याचा मेळ कसा घालणार?

अंतर ठेवण्यासाठी सरकारी दवाखान्यात काय मिळते, हे आपल्या तरुण जोडप्यांना सांगणारे कोणी नाही, म्हणून इथे थोडक्यात लिहिते. माला-एन ही रोज एक घ्यायची गोळी. पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यांपैकी २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या. नवरा गावी असला की गोळी थांबवायची आणि आला की सुरू करायची, असे अनेक जणी करतात. त्याने काही उपयोग होत नाही. रोज म्हणजे रोज. ‘छाया’ या गोळीत संप्रेरक नसते. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधली आणि ‘सहेली’ नावाने बाजारात आली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. दूध पाजणाऱ्या आईलाही चालते. ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. ते बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, हे आधीच माहीत असावे. तांबी पाच किंवा दहा वर्षांची असते आणि मूल हवे तेव्हा काढता येते. निरोध फुकट मिळतो. एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांपासूनही वाचवणारे या सगळ्यांतले साधन तेच एक आहे. त्यावरची तारीख पाहावी, तेल लावू नये, दोन एकावर एक घालू नयेत. कोणाला काय चालेल हे रक्तदाब, डोकेदुखी, बाळंतपण किती दिवसांपूर्वी झाले यावर अवलंबून असते, म्हणून सुरुवात डॉक्टर किंवा नर्सबाईंना विचारून करावी.

अज्लवर विसंबणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. रोजच्या जगण्यात जसे वापरले जाते तसे वापरले तर वर्षभरात १०० पैकी सुमारे २० जोडप्यांना गर्भ राहतो. निरोधचा असाच आकडा सुमारे १३, गोळीचा सुमारे ७ आणि तांबीचा एकाहून कमी आहे. चौदाशे वर्षांपूर्वी हातात एकच उपाय होता. आज त्याच इजाजतीखाली अधिक भरवशाचे उपाय आहेत.

आणि जाहिरातींमुळे ज्याचे नाव प्रत्येक कॉलेजच्या मुलाला माहीत आहे, ती तातडीची गोळी. २००५ पासून ती चिठ्ठीशिवाय मिळते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती मुख्यतः बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि रोगापासून वाचवत नाही. महिन्यातून चार वेळा घ्यायची ती गोष्ट नाही. गर्भपाताच्या गोळ्या हे पूर्ण वेगळे औषध आहे. मेडिकलच्या काउंटरवर या दोन्ही गोळ्या एकच समजून मागितल्या जातात. गर्भपात आपल्या देशात १९७१ पासून कायद्याने करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते आणि नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मूल पाडणे दीनमध्ये केव्हा माफ आणि केव्हा नाही, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. मी इतकेच म्हणते की वेळेवर साधन मिळाले असते तर त्या घरावर ती वेळच आली नसती.

हे सगळे लिहिताना मला माहीत आहे की काही वाचकांच्या कपाळावर आठी आली असेल. त्यांची शंका खोटी नाही. आमच्या मोहल्ल्यातील बुजुर्ग ‘नसबंदी’ हा शब्द आजही आवाज खाली आणून उच्चारतात. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. हरियाणातील उटावड या मेव मुसलमानांच्या गावाला नोव्हेंबर १९७६ मध्ये पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना उचलून नेले. सक्तीचा कायदा करणारे विधेयक तर आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानेच १९७६ मध्ये मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते टळले. तो घाव एका पिढीच्या शरीरावर आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या मनावर आहे.

त्यात भर म्हणून रोज कोणीतरी ‘यांची लोकसंख्या’ काढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे उघड आहेत. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये २.४. हिंदू स्त्रियांसाठी हेच आकडे ३.३ आणि १.९ आहेत. दोन्हींतले अंतर झपाट्याने मिटत आहे. तमिळनाडूतील मुस्लिम स्त्रीला बिहारमधील हिंदू स्त्रीपेक्षा कमी मुले आहेत, म्हणजे फरक शिक्षणाचा आणि आरोग्यसेवेचा आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरैशी यांनी २०२१ मध्ये या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. तरी आरोप थांबत नाही, आणि आरोप होतो म्हणून आपण आतली चर्चा बंद करतो. कोणी गोळीचे नाव काढले की ‘तू त्यांची भाषा बोलतेस’ असे ऐकावे लागते. टीव्हीवर ओरडणाऱ्याला उत्तर देण्याच्या नादात आपल्याच मुलीचा प्रश्न अनुत्तरित राहतो. मला लोकसंख्येच्या वादात रस नाही. मला त्या दोन बाटल्या रक्ताची काळजी आहे.

हा मुकाबला आपल्यालाच करावा लागतो आहे, असेही नाही. मराठीत संततिनियमनाची चळवळ सुरू करणारे र. धों. कर्वे यांना त्यांच्याच समाजाने वाळीत टाकल्यासारखे वागवले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत केंद्र उघडले, त्यापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. त्यात सक्ती नव्हती, बाईच्या तब्येतीची आणि मर्जीची बाब होती. मराठी शिकवणारी म्हणून मला हा वारसा माझ्या उर्दू माध्यमातील मुलींचाही वाटतो.

दुसरा वारसा इराणचा. युद्ध संपल्यावर १९८९ मध्ये तिथल्या इस्लामी हुकूमतीने उलेमांच्या संमतीने कुटुंब नियोजन सुरू केले, आणि लग्नाची नोंद करण्याआधी वर आणि वधू दोघांनाही गर्भनिरोधनाच्या वर्गाला बसणे सक्तीचे केले. १९८०च्या दशकात स्त्रीमागे पाचांहून अधिक असलेली मुले २००० च्या सुमारास दोनवर आली. २०१२ नंतर सरकारला जास्त मुले हवीशी वाटली आणि मोफत साधने मागे घेण्यात आली. सरकारे अशी दोन्ही दिशांनी फिरतात. म्हणून माहिती जोडप्याच्या हातात असावी, सरकारच्या नव्हे.

एक प्रश्न मला शिक्षक खोलीत नेहमी विचारला जातो. लग्न न झालेल्यांना हे कळले तर ती मोकाट सुटतील, त्याचे काय? मी उलटे विचारते. रोजा शिकवताना आपण रोजा कशाकशाने तुटतो, त्याची सगळी यादी पाठ करून घेतो. ती पाठ केल्याने कोणी रोजा तोडायला लागले आहे का? जिना हराम आहे हे मुलांना घरातून कळतेच, आणि अठराच्या आतील मुलामुलींतील संबंध कायद्याने गुन्हा आहे, हेही मी दोघांनाही स्पष्ट सांगते. पण चूक करणाऱ्या मुलीची शिक्षा रक्तस्राव आणि मृत्यू असावी, असे कोणता दीन म्हणतो? आणि ज्यांनी काहीच चूक केलेली नाही, निकाह करून सासरी गेल्या, त्यांनाही आपण त्याच अज्ञानात ठेवतो.

महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर पाच स्त्रियांत एकीचे तरी लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आहे, असे हीच पाहणी सांगते. याच पाहणीत गर्भनिरोधनाचे एखादे तरी साधन ऐकलेल्या स्त्रियांचे प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त आहे. नाव ऐकणे आणि वापरता येणे यांत केवढे अंतर आहे, ते शिक्षक म्हणून मला वेगळे सांगायला नको. देशात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के नसबंदीवर अवलंबून आहेत, पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. आपल्या समाजात नसबंदी कमी आणि गोळ्या-निरोध जास्त वापरले जातात. म्हणजे तात्पुरती साधने नीट वापरण्याची माहिती आपल्यालाच सर्वांत जास्त लागते.

काय करता येईल? फार मोठे नाही. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रे आहेत, महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. आपल्या मुलामुलींना तिथला रस्ता दाखवावा. आशाताईला घरात बसवून चहा द्यावा, दारातून परत पाठवू नये. बारावी झालेल्या मुलींसाठी सुट्टीत मी माजी विद्यार्थिनीच्या घरी दोन तासांचा वर्ग घेते, एक डॉक्टर भगिनी येतात. मुलग्यांसाठी असा वर्ग घेणारे कोणी पुरुष शिक्षक मला अजून मिळालेले नाहीत. हे वाचून कोणी पुढे आले तर बरे होईल.

आणि जमातींना एक विनंती. निकाहाचा अर्ज भरताना मेहर किती, वकील कोण, गवाह कोण, हे सगळे विचारले जाते. त्याच अर्जाला एक कागद जोडा: नवरा-नवरी दोघेही एकदा डॉक्टरांना भेटून आले का? काजीसाहेबांनी ते विचारले तर कोणाच्या आईबापाला शरम वाटणार नाही. त्यांच्या तोंडून आलेल्या प्रश्नाला मोहल्ल्यात इज्जत असते.